आठवणीतला नाताळ



नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत दिवे मंद होतात, 'सायलेंट नाइट' सुरू होते आणि अनेकांचे डोळे भरून येतात. कुणाला केरळमधले घर आठवते, कुणाला झारखंडातले गाव, कुणाला इथलीच, पण आता नसलेली आई. मिस्सेनंतर दारात हमखास कुणीतरी म्हणते, "फादर, पूर्वीचा नाताळ आता राहिला नाही." हे दुःख खरे आहे. पण जुन्या आठवणीत रमणे म्हणजे श्रद्धा का?

इस्राएल लोकांना वाळवंटात मिसरमधले मासे, काकड्या, कांदे, लसूण आठवले (गणना ११:५). तिथली गुलामी मात्र ते विसरले. आठवण अशी सोयीचे तेवढेच निवडते. संत अगस्तीन यांनी 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात कबूल केले आहे, की गीतातल्या सत्यापेक्षा नुसत्या गाण्यानेच मन हलले, तर तो आपण आपला दोष मानतो. तरीही चर्चमधले गायन बंद करा, असे ते म्हणत नाहीत. दुर्बल मन त्यामुळे भक्तीकडे वळू शकते.

आता हे गीतच पाहा. योसेफ मोर या तरुण धर्मगुरूंनी त्याचे शब्द १८१६ मध्ये लिहिले. युरोप नेपोलियनच्या युद्धांतून नुकताच बाहेर पडला होता. आदल्या वर्षी तांबोरा ज्वालामुखी फुटल्यामुळे त्या साली उन्हाळा थंड गेला आणि पिके बुडाली. पीक बुडाले की घरात काय होते, हे वर्धा जिल्ह्याला सांगायला नको. पुढे २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातील ओबर्नडोर्फच्या चर्चमध्ये, शिक्षक फ्रान्झ ग्रुबर यांच्या चालीवर, गिटारच्या साथीने ते प्रथम गायले गेले. त्या रात्री ते कुणाच्याच बालपणीचे गीत नव्हते. गेलेल्या सुखासाठी नव्हे, तर समोरच्या अंधारात आलेल्या बाळासाठी ते गायले गेले.

प्रभू येशूनेही आपल्याला आठवण करायला सांगितले आहे. पण भाकर मोडून, ती वाटून (लूक २२:१९). ख्रिस्ती माणसाची आठवण मनात सुरू होते आणि हातांतून पूर्ण होते.

म्हणून यंदा गाणे ऐकून डोळे भरले, तर भरू द्या. मात्र ज्या घरात या वर्षी एक माणूस कमी झाले आहे, तिथे फराळाचे ताट घेऊन जा आणि घटकाभर बसा. त्या घरातल्या लेकराला पुढे आठवणार आहे तो हाच नाताळ.

आपला,
प्रमुख धर्मगुरू