चाचणीला कोण गैरहजर होते?

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियान-५ हे युरोपचे नवे रॉकेट प्रथमच उडाले. उड्डाणक्रम सुरू होऊन जेमतेम ४० सेकंद झाले असतील. सुमारे ३७०० मीटर उंचीवर ते भरकटले आणि फुटले. दोष निघाला रॉकेटची दिशा आणि गती सांगणाऱ्या यंत्रणेच्या सॉफ्टवेअरमध्ये. ते एरियान-४ वरून उचललेले होते. नव्या रॉकेटचा आडवा वेग बराच जास्त. त्यावर आधारलेली ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेत तेच सॉफ्टवेअर असल्याने ती क्षणभर आधीच बंद पडली होती.

हा किस्सा बहुधा न मावलेल्या संख्येचा म्हणून सांगितला जातो. मला त्यातली दुसरी बाब अधिक बोलकी वाटते. जाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाला दिसले, की सगळे भाग जोडून घेतलेल्या चाचण्यांत ही यंत्रणा नव्हतीच. तिच्या जागी तिची नक्कल करणारे सिम्युलेटर होते. यंत्रणा स्वतंत्रपणे तपासून झाली आहे, हे त्यामागचे एक कारण. पण त्या स्वतंत्र तपासणीतही एरियान-५ च्या मार्गाचे आकडे वापरले नव्हते.

मॉड्यूल जोडून तपासताना आपणही असेच एक छोटे जग उभारतो. डेटाबेसमधल्या ठरावीक नोंदी, कॉन्फिगरेशन, बाहेरच्या सेवेऐवजी मॉक, हे सगळे मिळून फिक्स्चर. त्यावाचून गत्यंतर नाही. दर चाचणीला कुणाच्या खात्यातून खरे पैसे कापता येत नाहीत. शिस्तही हवी. एका चाचणीची नोंद दुसरीला दिसू लागली, की निकाल चाचण्यांच्या क्रमावर ठरतो. म्हणून प्रत्येक चाचणीनंतर रोलबॅक करून डेटाबेस पूर्ववत केला जातो.

पण नीटनेटके फिक्स्चर खरे असतेच असे नाही. मॉक लिहिणारा डेव्हलपर समोरच्या मॉड्यूलविषयीची स्वतःची समजूतच त्यात उतरवतो. समजूत चुकीची असेल, तर कोड आणि मॉक यांचे त्याच चुकीवर एकमत होते आणि चाचणी बिनबोभाट पास होते. दोन मॉड्यूलमधले गैरसमज पकडायला केलेली चाचणी त्या गैरसमजावरच उभी राहते.

अपघातानंतर त्या यंत्रणेचे खरे सॉफ्टवेअर आणि उड्डाणाचे खरे आकडे घेऊन संगणकावर सिम्युलेशन केले, तेव्हा बिघाड जमिनीवरच जसाच्या तसा घडला. म्हणजे तो आधीही पकडता आला असता.

तेव्हा मॉक जरूर वापरावेत, पण खऱ्या भागाची गाठ निदान एका चाचणीत तरी घालून द्यावी, तीही आजच्या वापरातल्या आकड्यांसह. आणि टेस्ट रिपोर्टमध्ये ‘किती पास’ याच्या शेजारी ‘कोणाच्या जागी कोण’ हाही रकाना असावा.