उकिरड्याची साक्ष

वाईच्या अलीकडे, कृष्णाकाठच्या एका गावात तीन भावांचं एक घर होतं. वडील गेल्यावर रान वाटलं गेलं, चुली वेगळ्या झाल्या, गुरं आणि भांडीही वाटून झाली. वाटायचे राहिले ते गौरींचे पितळी मुखवटे. दोन असले म्हणून काय झालं, थोरली गौर एका घरात आणि धाकटी दुसऱ्या घरात, असं कुणी करत नाही. ज्या घरी मुखवटे त्या घरी गौरी, आणि ज्या घरी गौरी त्या घरी भाद्रपदात सगळी भावकी आणि माहेरवाशिणी. तेव्हा हा मान कुणाच्या पदरात घालायचा, हा प्रश्न जमिनीच्या वाटणीपेक्षा अवघड होऊन बसला होता.

सासूबाई म्हणाल्या, "माझ्यानं आता रेटत नाही. तिघींनी एकेक वर्ष करा. मग सांगते."

रीतीनं मान थोरलीचा. तिनं नाक मुरडलं, पण सासूचा शब्द मोडायची त्या घरात पद्धत नव्हती.

पहिलं वर्ष तिचंच. तिनं हात आखडता घेतला नाही. साताऱ्याहून थर्माकोलचं मखर आणलं, गौरींना नवी जरीची लुगडी घेतली. (थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली. ही गोष्ट त्याआधीची, त्यामुळे मखराबद्दल तिला एकटीला बोल लावण्यात अर्थ नाही. निम्म्या गावात तेच होतं.) ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन झालं. नैवेद्याच्या सोळा भाज्या आणि सोळा पातेली. पुरणाची डाळ मापून घेतली नाही, पोत्यातून ओतली. डाळ शिजल्यावर निघालेला कट सरळ मोरीत गेला, कारण आमटी करत बसायला सवड कुणाला होती? "गौरीच्या घरी काही कमी पडलं, असं कुणी म्हणायला नको," एवढंच ती दिवसभर म्हणत होती. कुणी म्हटलंही नाही. सगळ्यांनी तोंडभरून वाखाणलं.

मूळ नक्षत्रावर गौरी गेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाई काठी टेकत परसात गेल्या आणि उकिरड्यापाशी उभ्या राहिल्या. पोळ्यांची अख्खी चवड पावसात भिजून लगदा झाली होती. शेजारी भोपळ्याची भाजी पातेलंभर ओतलेली, एकेक घास खाऊन टाकलेले लाडू, आणि मखराचे पांढरे दाणे पार ओढ्यापर्यंत पसरलेले. सासूबाई काही न बोलता आत आल्या.

दुसऱ्या वर्षी पाळी मधलीची. तिनं उकिरडाही पाहिला होता आणि त्याच्यापाशी उभी असलेली सासूही. तिच्या गौरींना काही वाया गेलं नाही. जाणार कसं? पानात एक पोळी, मागून आली तर अर्धी. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या हातावर खोबऱ्याची चिमूट. ओटीचे नारळ, खण, तांदूळ, आलेला फराळ, सगळं मोजून कोठीत आणि कोठीला कुलूप. लुगडी डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत. भांडी घासणारी बाई शेवटच्या दिवशी दारात घुटमळली, तिला "नंतर बघू" सांगून लावून दिलं. मग मधली स्वतःहून सासूला परसात घेऊन गेली. "बघा आत्याबाई, एक काडी वाया गेली नाही."

"घटस्थापनेपर्यंत थांब," सासूबाई म्हणाल्या.

नवरात्राच्या आधी सारवणासाठी कोठी उघडली. लाडवांना बुरशी, करंज्या खवट, तांदळात सोंडे, नारळ फोडावा तो नासका. टोपल्या भरभरून सगळं त्याच उकिरड्यावर आलं आणि ढीग थोरलीच्या ढिगापेक्षा उंच झाला. थोरलीनं टाकलं ते निदान लोकांना पोटभर घालून टाकलं होतं.

"वाचवणं निराळं आणि कोंडून ठेवणं निराळं," सासूबाई म्हणाल्या. "तिनं एका रात्रीत नासवलं, तू महिनाभर लावून नासवलंस."

तिसरं वर्ष धाकटीचं. तिच्या वाट्याला कोरडवाहू तुकडा आलेला, हातात पैसा बेताचा. गौरींच्या आठ दिवस आधी ती घरोघर जाऊन विचारून आली, तुमच्याकडून जेवायला किती जण? थोरलीला हसू आवरेना. "गौरीच्या जेवणाला माणसं मोजतात व्हय गं?"

"माणसं मोजली की डाळ मोजता येते, अक्का."

आवाहनाला रीतीप्रमाणे शेपूची भाजी आणि भाकरी केली. पूजनाच्या दिवशी भाज्या सोळाच, पण पातेलं एक. परसातला दोडका, भेंडी, गवार, शेजारणीची अळूची दोन पानं, कुणाकडची भोपळ्याची फोड, असं करत सोळा भरल्या आणि सगळ्यांची मिळून एक भाजी झाली. डाळ मापट्यानं मोजून शिजवली. कटाची आमटी केली. पाट्यावर पुरण वाटून झालं की पाट्याला थोडं चिकटून राहतंच, तर पाटा त्या कटानंच धुतला आणि ते धुवण आमटीत घातलं. कटाच्या आमटीची खरी चव तिथंच असते, हे मी ठामपणे सांगेन. मसाल्याचं श्रेय उगाच घेतात लोक. लोणी कढवून राहिलेल्या बेरीत गूळ कालवून पोरांच्या हातावर ठेवला. जेवणं केळीच्या पानांवर झाली आणि उष्टी पानं गोठ्यात गाईपुढे गेली.

गौरींना सासूबाईंचं लग्नातलं लुगडं आणि स्वतःचा शालू नेसवला. वाचलेल्या पैशात दोन साधी नेसती लुगडी घेतली. त्यातलं एक भांडी घासणाऱ्या बाईला दिलं, दुसरं एका गरजू माहेरवाशिणीला. ओटीचे नारळ त्याच दोन दिवसांत हलले. काही मुरडीच्या कानवल्यांच्या सारणात गेले, बाकीचे निघालेल्या लेकीबाळींच्या ओटीत. शेंड्या भांडी घासायला, करवंट्या बंबात. शाडूचा गणपती अंगणात घंगाळातच विरघळवला, पाणी जास्वंदीला घातलं, राहिलेली माती वाळवून कुंभाराला परत दिली.

विसर्जनाच्या संध्याकाळी पाऊस कोसळला, ओढ्याला पाणी चढलं आणि एसटी फिरली नाही. निघालेल्या माहेरवाशिणी पोराबाळांसह माघारी आल्या. थोरली आणि मधली एकमेकींकडे बघू लागल्या. मोजून रांधणारणीची फजिती आता होणार, हे दोघींच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

धाकटीनं डबा उघडला. डाळ होती. माणसं मोजून जेवढी लागली तेवढीच शिजवली होती, म्हणून उरलेली कोरडीच्या कोरडी शाबूत होती. तांदूळ होते, ओटीचे, अजून सोंडे न लागलेले. आमटीचा तळ होता, दही होतं, मूठभर पुरण होतं. तासाभरात वरण-भात झाला, पुरणाची दिंडं उकडली आणि पोरांची पंगत बसली. शिजवलेलं जास्तीचं अन्न दुसऱ्या दिवशी आंबतं, न शिजवलेलं पाहुण्याच्या कामी येतं, एवढा साधा हिशेब त्या घरात आधी कुणी केला नव्हता.

सकाळी सासूबाई परसात गेल्या. उकिरड्यावर चुलीची राख होती, कारल्याच्या थोड्या बिया होत्या आणि शेणाची पाटी. दोडक्याच्या शिराही नव्हत्या, त्यांची चटणी झाली होती.

परत येऊन त्यांनी मुखवटे धाकटीच्या ओटीत घातले.

थोरली म्हणाली, "आत्याबाई, मान माझा होता."

"मान तुझाच. दरसाल गौर उंबऱ्यातून आत येईल तेव्हा पहिलं कुंकू तू लावायचं. मुखवटे हिच्याकडे राहतील."

मधलीला राहवेना. "खर्च कमी केला म्हणूनच ना? तो मीही केला होता."

"तू केलास. पण तुझ्या दारातून भांडीवाली हात हलवत गेली आणि पाऊस आला त्या रात्री मी तुझ्या घरी असते, तर तू कुलपाची किल्ली शोधत बसली असतीस."

मधली पुढच्या वर्षी पाटा धुवायला बसली, असं सांगतात. थोरलीनं मात्र आपल्या घरच्या गणपतीचं मखर सोडायला आणखी दोन वर्षं घेतली.

आता आपल्याकडे परस राहिलं नाही आणि उकिरडाही. पण यंदा गौरी गेल्यावर, घंटागाडी दारात यायच्या आधी, बादलीचं झाकण एकदा उचलून आत बघा. आणि दिवाळीच्या फराळाचे डबे शेजारीपाजारी वेळेत पोचते करा, ते उघडायला मार्गशीर्ष उजाडू देऊ नका.