अडकलेल्या पैशाची जबाबदारी

देवनारच्या महापालिका कत्तलखान्यात बकरी ईदआधी भरणाऱ्या बाजारात राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशातून व्यापारी बकरे घेऊन येतात आणि माल खपला की परततात. गिऱ्हाईक अनोळखी, सौदा काही हजारांचा, आणि बकरा एकदा ताब्यात गेला की तो माणूस पुन्हा भेटेलच असे नाही. अशा ठिकाणी क्यूआर कोड स्कॅन झाला, गिऱ्हाइकाच्या खात्यातून रक्कम वजा झाली, पण व्यापाऱ्याच्या खात्यात पोचली नाही, तर तोटा कोणी सोसायचा? देयक व्यवस्थेची कार्यक्षमता आपण सुरळीत पार पडलेल्या व्यवहारांवरून मोजतो. ती अडकलेल्या व्यवहारांवरून मोजायला हवी आणि देखरेखीचा भरही तिथेच हवा.

यश निर्विवाद आहे. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयवर ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. ही व्यवस्था चालवणाऱ्या एनपीसीआयचे मुख्यालय देवनारपासून काही किलोमीटरवर, वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. पण जितका विस्तार मोठा, तितका बिघाडाचा फटकाही मोठा. १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय देशभर विस्कळीत झाले. व्यवहार झाला की नाही हे विचारणाऱ्या विनंत्यांचा काही बँकांकडून भडिमार झाल्याचे एनपीसीआयच्या तपासणीत दिसले. म्हणजे अडकलेल्या पैशाची विचारपूसच एवढी वाढली की धडधाकट व्यवहारही अडले. त्यानंतर शिल्लक तपासण्यासारख्या विनंत्यांवर मर्यादा आल्या. त्या योग्यच होत्या, पण आल्या बिघाडानंतर.

आशियातील इतर देशांचा अनुभवही हेच सांगतो. जपानमधील बँकांना जोडणारी झेनगिन प्रणाली १९७३ पासून चालू आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिच्यातील संगणक बदलताना अनेक बँकांची रक्कम-हस्तांतरे दोन दिवस खोळंबली. जुनी, शिस्तबद्ध व्यवस्थाही बिघाडमुक्त नसते. चीनमध्ये मोबाइल देयके दोन कंपन्यांच्या हाती एकवटली होती. ग्राहकांच्या ठेवलेल्या रकमांचा सर्व निधी मध्यवर्ती बँकेकडे ठेवण्याची सक्ती तिथे जानेवारी २०१९ पासून पूर्णपणे लागू झाली. आपल्याकडेही यूपीआयच्या ८० टक्क्यांहून अधिक व्यवहारांसाठी दोनच ॲप वापरली जातात. कोणत्याही ॲपचा वाटा ३० टक्क्यांवर नको, हा नियम २०२० मध्ये जाहीर झाला, पण त्याची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आली. वारंवार पुढे ढकललेला नियम कंपन्यांना थांबून राहायला शिकवतो.

यावर पहिला आक्षेप असा, की कडक देखरेखीने नवनिर्मिती गुदमरेल. पण यूपीआय हेच मुळी रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराचे आणि बँकांनी एकत्र येऊन उभारलेल्या संस्थेचे फळ आहे. समान नियम होते म्हणूनच एका बँकेचा ग्राहक दुसऱ्या बँकेच्या ग्राहकाला क्षणात पैसे पाठवू शकतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जानेवारी २०२०पासून यूपीआयवर व्यापाऱ्याला शुल्क नाही, मग बँकांनी भरपाईचा बोजा कशातून उचलायचा? छोट्या विक्रेत्याला शुल्क नसणे मोलाचे आहे, ते तसेच राहावे. पण यंत्रणेचा खर्च कोणीतरी भरतोच. केंद्र सरकारने २०२४-२५ साठी कमी रकमेच्या व्यवहारांवरील प्रोत्साहनापोटी १,५०० कोटी रुपये मंजूर केले. सार्वजनिक पैसा खर्च होत असेल, तर त्याच्या बदल्यात सेवेची हमी मागणे हा नागरिकांचा हक्क आहे.

ही हमी कागदावर आहेच. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार खात्यातून वजा झालेले पण व्यापाऱ्याला न मिळालेले यूपीआयचे पैसे व्यवहारानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही तक्रारीची वाट न पाहता. पण तोवर बाजार उठलेला असतो, आणि व्यापारी गावाकडे निघालेला असतो. म्हणून किती व्यवहार अडकले, किती रक्कम वेळेत परतली आणि कोणत्या बँकेने किती भरपाई दिली, हे आकडे दर महिन्याला जाहीर व्हावेत. २०२५ मध्ये अस्तित्वात आलेल्या देयक नियामक मंडळात रिझर्व्ह बँकेचे तीन आणि केंद्राने नेमलेले तीन सदस्य आहेत. वापरकर्त्यांची आणि छोट्या व्यापाऱ्यांची बाजू मांडणारा माणूस त्यांतला एक तरी असावा. देयक व्यवस्थेच्या वेगाचा अभिमान जरूर बाळगावा, पण अडकलेल्या प्रत्येक रुपयाचा जाब विचारणारी देखरेख असल्याशिवाय तिला कार्यक्षम म्हणू नये.