हक आणि हक्क

आपण मराठी मुसलमान एकच शब्द दोन प्रकारे उच्चारतो. घरात, मशिदीत तो 'हक' असतो. तलाठ्यापुढे आणि कोर्टात 'हक्क' होतो. फरक एका 'क'चा, असे आपल्याला वाटते. पण या प्रवासात बरेच काही वाटेत सांडले आहे.

अरबीत 'हक' म्हणजे सत्य, आणि 'हक' म्हणजे ज्याचे त्याला मिळायला हवे ते. 'अल-हक' हे अल्लाहच्या नावांपैकीही एक. 'अनल हक' या उद्गाराशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, त्या मन्सूर हल्लाजला ९२२ साली बगदादमध्ये देहदंड झाला. 'मी सत्य' की 'मी ईश्वर', हा वाद या एका शब्दाच्या दोन अर्थांतूनच उभा राहतो. शिवाय अरबीत हा शब्द दोन्ही बाजूंनी चालतो. 'माझ्यासाठी हक' म्हणजे येणे. 'माझ्यावर हक' म्हणजे देणे.

पुढे प्रत्येक भाषेने तो आपल्या गरजेपुरता घेतला. तुर्कीत 'हक' म्हणजे अधिकार आणि त्याच्याच अनेकवचनातून आलेला 'हुकुक' म्हणजे कायदा. पूर्व आफ्रिकेतील स्वाहिलीत 'हाकी' म्हणजे न्याय. इंडोनेशियात मानवी हक्कांना 'हक असासी मनुसिया' म्हणतात. तिथे अरबी आणि संस्कृत शेजारी शेजारी नांदतात. मराठीत तो फारसीच्या वाटेने आला आणि वतनाच्या कागदांत हिस्सा, दावा, येणे या अर्थाने पक्का झाला. सत्य मागे राहिले. त्याची पुसटशी खूण 'हकनाक' या शब्दात तेवढी उरली आहे.

मराठीने मात्र त्यात माया ओतली. 'हक्काचा माणूस', 'हक्काने सांग', 'हक्काचे माहेर'. इथे दावा नाही, आपलेपणा आहे.

आता आपल्या घराकडे पाहू. बाप वारला की चाळिसाव्यानंतर भाऊ कागद काढतात. त्यावर मथळा असतो 'हक्कसोडपत्र'. बहीण सही करते किंवा अंगठा उठवते. कुणी तिला धमकावलेले नसते. तिला एवढेच ठाऊक असते की हिस्सा मागितला तर ईदला बोलावणे येणार नाही. म्हणजे हक्काचे माहेर टिकावे म्हणून ती हक्क सोडते. एकाच शब्दाचे दोन अर्थ तिच्यापुढे ठेवून आपण तिला म्हणतो, यातला एक निवड.

मेहरचेही तेच. निकाहात ठरलेली रक्कम अनेक घरांत आयुष्यभर दिली जात नाही, आणि नवऱ्याचा जनाजा उठताना बायकोला विचारतात, 'मेहर माफ केला ना?' त्या क्षणी कोणती बाई नाही म्हणेल?

कुणी म्हणेल, बहिणी राजीखुशीने देतात. काही खरोखर देतातही. पण राजीखुशी ओळखायची कशी? जे हातात आलेच नाही, ते सोडण्यात खुशी असते की नाइलाज, हे देणारीलाही नीट सांगता येत नाही. मुलीचा हिस्सा कुरआनाने ठरवून दिला आहे. तो भावाच्या निम्मा का, यावर आपल्यात वाद होतात, आणि ते व्हायलाही हवेत. पण त्या वादात दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलणाऱ्या कित्येकांच्या घरी हा निम्मासुद्धा दिला गेलेला नसतो. शेतीचा प्रश्न आला की तर बोलायलाच नको. १९३७ च्या शरियत कायद्याने शेतजमीन वगळली आहे, हे अशा वेळी आपल्याला बरोबर आठवते.

आपण 'हक्क' म्हणताना फक्त येणे मोजतो. सरकारकडून, समाजाकडून, शेजाऱ्याकडून आपल्याला काय यायचे आहे, याची यादी आपल्याला पाठ असते, आणि ती खोटीही नाही. पण आपल्यावर असलेला हक आपण विसरलो. हुकूकुल्लाह, म्हणजे अल्लाहचे हक, चुकले तर तो माफ करील. हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे हक, मात्र ज्याचे त्यानेच माफ करायचे असतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बहीण त्या माणसांत येत नाही काय?

तेव्हा क्रम बदलू या. आधी तिचा हिस्सा तिच्या नावावर चढू द्या, उतारा तिच्या हातात पडू द्या. मग वर्षा-दोन वर्षांनी तिला वाटले तर ती भावाला हिबा करील. ते तिचे औदार्य असेल. नाही वाटले, तरी ईदचे बोलावणे गेलेच पाहिजे. त्या दिवशी आपल्या घरात हक आणि हक्क हा एकच शब्द होईल.