लेकीच्या हाती कोणतं पुस्तक?

कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालची. एवढी जुनी वाचनाची परंपरा असलेल्या गावात, सात-आठ वर्षांच्या लेकीसाठी पुस्तक निवडताना आपण का अडखळतो? कारण आपण शिकवण देणारं पुस्तक शोधतो. तिला मात्र हवी असते गोष्ट, आणि त्या गोष्टीत आपल्यासारखं कुणीतरी.

अशी पुस्तकं मराठीत आहेत. ना. धों. ताम्हनकरांनी ‘गोट्या’ लिहिला, तशी ‘चिंगी’ही लिहिली. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’मध्ये छोटी राधा आपल्या घरच्यांची ओळख करून देते. तिथं उपदेश नाही. रोजचं घर आहे, बोलकी चित्रं आहेत. जपानच्या तेत्सुको कुरोयानागी यांची ‘तोत्तोचान’ मराठीत आली आहे. शाळेनं काढून टाकलेली ही चौकस मुलगी रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या दुसऱ्या शाळेत फुलते. पुस्तकांच्या जोडीला मुलांसाठी बालभारतीचं ‘किशोर’ मासिकही १९७१ पासून निघतं. आणि मुलींना मुलींच्याच गोष्टी द्याव्यात, असं थोडंच आहे? भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची साहसं तिचीही आहेत.

येत्या सुट्टीत लेकीला ग्रंथालयात न्या. पुस्तक तिला निवडू द्या. नाही आवडलं, तर अर्ध्यावर सोडायची मुभा द्या. रात्री थोडा वेळ तिच्याशेजारी बसून वाचा. किती पानं झाली, हे विचारू नका. पुढं काय झालं, ते विचारा. आज पुस्तक निवडणारी मुलगी उद्या स्वतःचं मतही ठामपणे मांडेल.