वेदीवरचीं फुलें

पूजास्थान शृंगारण्यांत भक्ति किती आणि हौस किती, हा प्रश्न सर्वच धर्मांस लागू आहे. त्याच्या विचारासाठीं आम्ही कॅथॉलिक देवालयाचें उदाहरण घेतों. कारण तेथें केव्हां सजवावें याबरोबरच केव्हां सजवूं नये हेंही ठरलेलें असतें.

या पंथाच्या उपासनावर्षांत धर्मगुरूंच्या वस्त्रांचा रंग काळाप्रमाणें बदलतो. नाताळापूर्वीच्या आगमनकाळांत जांभळा, नाताळांत व ईस्टरांत पांढरा, पेंटेकॉस्टला तांबडा, आणि एरवीं हिरवा. राखेच्या बुधवारीं उपवासकाळ लागतो, तेव्हां जांभळा रंग परत येतो. गतवर्षींच्या झावळ्यांच्या रविवारीं आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जाळून केलेली राख भाविकांच्या कपाळीं लावितात. या काळांत, चौथा रविवार व कांहीं सण वगळतां, वेदीवर फुलें ठेवीत नाहींत. आणि पवित्र गुरुवारच्या उपासनेनंतर तर वेदीवरचें वस्त्रही काढून घेतात.

उत्तर युरोपांत उपवासकाळ लागतो तेव्हां थंडी सरलेली नसते. फुलें मुळांतच विरळ. लोणावळ्याच्या आसपास मात्र फेब्रुवारी-मार्चांत पळस व पांगारा पेटलेले असतात. रिकाम्या वेदीचा अर्थ म्हणूनच मावळांत अधिक स्पष्ट होतो. फुलें दारापर्यंत आलेलीं असतां निगा राखणाऱ्यानें आपला हात आवरलेला असतो.

पुढें पावसाळ्यांत हिरव्या रंगाचा काळ येतो. डोंगर हिरवे, आंतील वस्त्रही हिरवें. घाटमाथ्यावरच्या त्या ओलाव्यांत पितळ काळवंडतें, कापडास बुरशी धरते. तेव्हां शोभेपेक्षां पुसणें-वाळविणें हेंच मुख्य काम होतें, आणि तें कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं.

परंतु हा सारा खर्च गरिबांस कां देऊं नये? बेथानीच्या मरियेनें बहुमोल सुगंधी तेल येशूच्या पायांस लाविलें, तेव्हां हाच प्रश्न यहूदानें विचारिला, आणि येशूनें तिचा पक्ष घेतला, असें योहानाचें शुभवर्तमान सांगतें. उलट, चौथ्या शतकाच्या उत्तरार्धांतील संत जॉन क्रिसोस्टमनें बजाविलें कीं, देवळांत ख्रिस्ताचा रेशमी वस्त्रांनीं मान करावा आणि बाहेर थंडीनें कुडकुडणाऱ्या ख्रिस्ताकडे पाठ फिरवावी, हें चालावयाचें नाहीं.

आमच्या मतें या दोन्ही वचनांचा मेळ उपवासकाळांतच सांपडतो. त्या काळाचीं तीन कर्तव्यें प्रार्थना, उपवास व दान अशीं आहेत. वेदी रिती होते त्याच दिवसांत मूठ उघडावयाची असते. ज्यास आरास करतां येते, पण वेळ आल्यावर ती उतरवितां येत नाहीं, त्याच्या भक्तींत हौसेचा वांटा मोठा आहे असें समजावें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं गणपतीचें मखर दरवर्षीं सजतें. त्यांनींही ही कसोटी एकदां लावून पाहावी.