सुट्टी आणि खाडा

नव्या वर्षाची दिनदर्शिका भिंतीवर टांगली की पहिल्याने तांबड्या अक्षरांतील तारखा मोजावयाच्या, अशी रीत आता घरोघर पडली आहे. कोणता सण कोणत्या वारी आला, त्यास रविवार जोडून येतो की नाही, आणि मधल्या एका दिवसाची रजा काढिली तर सलग किती दिवस मिळतात, ह्याचा हिशेब नोकरी करणारी माणसे जानेवारीतच करून ठेवितात. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांत 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला, तेव्हापासून तर ह्या हिशेबास अधिकच गोडी आली आहे. सन 2025 मध्ये नाताळ गुरुवारी आला. ज्याने शुक्रवारची एक रजा काढिली त्यास चार दिवस मिळाले. सन 2026 मध्ये 26 जानेवारी सोमवारी आणि 1 मे, 2 ऑक्टोबर व नाताळ हे तिन्ही दिवस शुक्रवारी. तेथे एकही रजा न खर्चिता तीन दिवस सलग. उलट 15 ऑगस्ट शनिवारी, म्हणून 'एक सुट्टी फुकट गेली' असा खेद.

असा हिशेब करणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न कित्येकांस क्षुल्लक वाटेल. परंतु आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ मुले-मुली आज शिक्षक, परिचारिका, कारकून अशा कामांवर दूरच्या गावी आहेत, आणि त्यांचे आईबाप शेतावर किंवा रोजावर आहेत. एकाच घरात एकास पगारी रजा आहे व दुसऱ्यास ती नाही. म्हणून ह्या प्रश्नाचा थोडा विचार करू.

प्रथम हे स्पष्ट सांगितले पाहिजे की, रजेची आगाऊ योजना करणे हा काही दोष नव्हे. ज्याचे घर दोनशे मैलांवर आहे त्यास एका दिवसाची सुट्टी काय उपयोगाची? जाण्यायेण्यातच ती संपते. वृद्ध आईची भेट घ्यावयाची, घराचे छप्पर शाकारावयाचे, बहिणीचे लग्न ठरवावयाचे, तर तीन-चार दिवस हवेतच. ज्याने ते दिवस आधीच नेमून वरिष्ठास कळविले, तो आयत्या वेळी पोटदुखीचे निमित्त सांगणाऱ्यापेक्षा पुष्कळ प्रामाणिक होय. खोट्या आजाराचा दाखला जोडून सुट्टी लांबविणे हे असत्यभाषण आहे. त्यास दुसरे सौम्य नाव देता येत नाही.

मग प्रश्न उरतो कोठे? तो उरतो तो असा: ही सुट्टी कोणाची? माझी एकट्याची मिळकत, की सर्वांची मिळून राखलेली ठेव?

ह्याचे उत्तर देण्यापूर्वी ती आली कोठून हे पाहावे. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी मजुरांस आठवड्याची निश्चित सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी सन 1884 मध्ये गिरणी मजुरांच्या सभा भरवून, हजारो सह्यांचा अर्ज करून, आठवड्यातून एक दिवस विसाव्याची मागणी केली. ती मान्य होण्यास सहा वर्षे लागली. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, लोखंड्यांनी कोणा एका खात्यापुरती किंवा एका जातीपुरती सुट्टी मागितली नाही, सर्वांस मागितली. पुढे सन 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षास आठ पगारी सुट्ट्या ठरविण्यात आल्या. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट व 2 ऑक्टोबर ह्या चार नेमलेल्या. आणि उरलेल्या चार सणांच्या सुट्ट्या मालक व कामगार ह्यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी एकमताने ठरवावयाच्या. ह्या शेवटच्या तरतुदीत आम्हांस मोठे शहाणपण दिसते. सुट्टी ही ज्याने त्याने झडप घालून घ्यावयाची वस्तू नसून, एकत्र बसून वाटून घ्यावयाची आहे, असे ती सांगते.

परंतु ज्या लहान दुकानांत दोन-चारच नोकर आहेत त्यांस ही तरतूद लागू नाही. आणि जो रोजावर राबतो त्याच्या भाषेत तर सुट्टी हा शब्दच नाही. त्याचा शब्द आहे खाडा. काम बंद पडले तो दिवस खाडा, आणि खाडा म्हणजे बुडालेला रोज. ऊसतोडीच्या हंगामात मुकादमाची उचल घेऊन गेलेल्या जोडप्याने एक दिवस कोयता ठेविला तर त्यांची मजुरी बुडतेच, शिवाय पुष्कळ ठिकाणी दंडही भरावा लागतो. त्या दंडासही खाडा असेच म्हणतात. एकाच दिनदर्शिकेतील एकच तांबडी तारीख. ती पाहून मुलगा म्हणतो, 'चार दिवस मिळाले'. बाप म्हणतो, 'एक रोज गेला.' ज्यास हे दोन्ही शब्द ऐकू येतात त्यासच सुट्टीचा खरा हिशेब समजला, असे आम्ही समजतो.

ह्यावरून आमच्या मते योग्य योजनेची कसोटी एकच आहे: माझ्या सुट्टीमुळे कोणाचा खाडा होतो काय? ही कसोटी तीन ठिकाणी लावून पाहावी.

पहिले ठिकाण कामाचे. एखाद्या दवाखान्यात तीन परिचारिका आहेत असे धरा. रोगी काही दिनदर्शिका पाहून आजारी पडत नाहीत. दोघींनी सणाला जोडून रजा घेतली की तिसरीस दिवस व रात्र दोन्ही पाळ्या पडतात. आणि ही तिसरी बहुधा नवीन, गरीब किंवा भिडस्त असते. जी कधी बोलत नाही तिच्याच वाट्यास दर वर्षी सणाची पाळी येते. आपण दिवाळीस गावी जातो ते एस. टी.च्या जादा गाडीने. ती हाकणारा चालक व तिकीट देणारा वाहक त्या दिवशी आपल्या घरी नसतो, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरे ठिकाण घराचे. सर्वांस सुट्टी लागली की घरच्या बाईचे काम दुप्पट होते. पाहुणे, फराळ, भांडी, पाणी. चार दिवसांचा विसावा घेऊन मुलगा ताजातवाना परत जातो आणि आई अंथरुणास खिळते, तर तो विसावा कोणाच्या अंगातून काढिला? घरी गेलेल्याने हातात कळशी घ्यावी. ह्यात पुरुषपणास काही बाध येत नाही.

तिसरे ठिकाण आपल्या पदरच्या माणसांचे. आपण पगारी रजेवर असता भांडी घासणाऱ्या बाईस 'चार दिवस येऊ नको' असे सांगतो व महिन्याअखेर ते चार दिवस कापून घेतो. स्वतःस सुट्टी व तिला खाडा! ज्या न्यायाने आपणांस मिळाले तो न्याय आपल्या उंबरठ्यावर येऊन थांबावा काय?

विसाव्याची जी आज्ञा शास्त्रात दिली आहे ती वाचून पाहावी. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात केवळ घरधन्यास विसावा सांगितलेला नाही; दास, दासी, बैल, गाढव व वेशीच्या आत राहणारा उपरा, ह्या सर्वांची तेथे गणती आहे. आमच्या शेतकरी बंधूंस हे समजावून सांगणे नको. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत, हे गावातील लहान मूलही जाणते. मुक्या जनावराचा एक दिवस जेथे सारे गाव राखते, तेथे माणसाचा एक दिवस राखणे कठीण का व्हावे?

कोणी म्हणेल, 'मी रजा सोडिली तर दुसरा कोणी ती घेईलच. मग मीच का मागे राहू?' ह्यास उत्तर असे की, सोडा असे आम्ही म्हणतच नाही. बोलून घ्या असे म्हणतो. वर्षारंभी सर्वांनी एकत्र बसावे. कोणास कोणता सण जिवाभावाचा, हे विचारावे. ख्रिस्ती शिक्षिकेने दिवाळीतील वसतिगृहाची पाळी आपण होऊन मागून घ्यावी, आणि तिच्या हिंदु सोबतिणीने नाताळची घ्यावी. ईदेस दोघींनी तिसरीस मोकळे करावे. गेल्या वर्षी ज्याने सणाची पाळी केली त्यास ह्या वर्षी पहिली निवड द्यावी. अशा अदलाबदलीने कोणाची एकही रजा कमी होत नाही, आणि शेजारधर्म मात्र वाढतो.

शिवाय हेही खरे की, सणाची सुट्टी व एरवीची रजा ह्यांत भेद आहे. रजा एकट्याची असते; सणाचा दिवस सर्वांचा असतो, आणि सर्व एकाच वेळी मोकळे असतात ह्यातच त्याची किंमत आहे. म्हणून सलग दिवसांची संख्या वाढली एवढ्यावरून सुट्टी चांगली गेली असे ठरत नाही. ज्यांच्यासाठी गेलो त्यांच्याजवळ बसलो की नाही, त्यांच्या हातचे काम हलके झाले की नाही, ह्यावरून ते ठरते.

तर वाचकहो, पुढील वर्षाची दिनदर्शिका घरी आणाल तेव्हा तांबड्या तारखा अवश्य मोजा, आणि जोडून येणारे दिवसही हेरून ठेवा. परंतु आपल्या रजेच्या तारखेभोवती पेन्सिलीने खूण करण्यापूर्वी तिच्या शेजारी एक नाव लिहा: त्या दिवशी आपल्या जागी कोण उभे राहणार त्याचे. ते नाव ज्यास ठाऊक नाही त्याने ती खूण अद्याप करू नये.